विमानाचं डावं

इसोगाई तोकुजीच्या उजव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर जी जागा आहे, ती नामिएची. लग्नात मिळालेली नव्हे. तिथं ती बऱ्याच वर्षांनी येऊन उभी राहिली. याहागी नदीच्या पात्रात क्लबच्या लोकांनी गवत कापून धावपट्टी केली आहे. तिच्या कडेला तोकुजी रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानाचा ट्रान्समीटर गळ्यात अडकवून, मान वर करून उभा राहायचा आणि नामिए मागून पुढची कसरत सांगायची. "आता उभा गोल. झाला की पाठीवर उलटं. मग चार टप्प्यांची गिरकी." कसरती ठरलेल्या क्रमानंच करायच्या आणि विमानावरची नजर तर क्षणभरही काढायची नाही, म्हणून मागे वाचणारं माणूस लागतं. तोकुजीचा वाचणारा मित्र मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेला, तेव्हा नामिए म्हणाली होती, "मी वाचते की. वाचायला तर येतं मला."

तोकुजीनं आयुष्यभर गावातली बस चालवली. "मागून कुणी काही बोललं तर लक्ष द्यायचं नाही, ही त्यांची नोकरीतली सवय," नामिए शेजारणींना सांगायची. "माझं ऐकतात, पण ते फक्त नदीवर."

विमानं तो स्वतः बांधायचा, आणि जुन्याच घडणीची. त्याच्या तरुणपणी स्पर्धांत उडायची तशी: पातळ पंखांची, लांब नाकाची, उडाली की चाकं पोटात घेणारी. बाजारात तयार विमान मिळतं, पेटीतून काढलं की दुपारी हवेत. तोकुजी त्याकडे पाहायचाही नाही. बाल्सा लाकडाच्या हलक्या पट्ट्या कापायच्या, घासायच्या, पंखाच्या फासळ्या एकेक करून चिकटवायच्या, वर रेशीम ताणून रोगणाचे हात द्यायचे. रोगणाच्या वासानं नामिएचं डोकं उठायचं. तरी या शेवटच्या पांढऱ्या विमानासाठी तिनं आईच्या किमोनोचं अस्तर उसवून दिलं होतं. "कपाटात पडून पिवळं पडतंय. त्यापेक्षा उडू दे," एवढंच ती म्हणाली.

शेवटचं, हा शब्द मात्र दोघांपैकी कुणी उच्चारला नव्हता.

कधी सुरू झालं, ते नामिएला नीट आठवतं. आभाळ भरलेलं होतं, विमान दूर गेलं होतं, आणि तोकुजी ओठ न हलवता म्हणाला, "नाक कुठंय?" तिला वाटलं, सहज विचारतोय. "थोडं खाली आहे," ती म्हणाली. विमानाचं नाक वर आलं. पुढच्या रविवारी त्यानं विचारलं नाही, तिनंच सांगितलं. मग कसरतींच्या नावांमध्ये तिचे बारीक बारीक शब्द मिसळत गेले. नाक खाली. उजवा पंख पडतोय. बास, सरळ. दुरून बघणाऱ्याला वाटावं, बाई नेहमीसारखं वाचतेय.

दरम्यान गुडघा दुखतो म्हणून त्यानं टेम्पोची किल्ली तिच्या हाती दिली. जेवताना सोयासॉस वाटीच्या बाहेर सांडू लागला. वर्तमानपत्र तो अजून उघडून बसायचा, पण पान उलटायचा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन आला, एकटाच, बसनं. "काय म्हणाले?" तिनं विचारलं. "वय म्हणाले," तो म्हणाला. नामिएनं पुढे खोदलं नाही. खोदलं असतं तर दोघांना नदीवर जाणं बंद करावं लागलं असतं, आणि रविवारशिवाय त्या माणसाच्या आठवड्यात दुसरं काही उरलं नव्हतं. तसं पाहिलं तर तिच्याही आठवड्यात काय होतं?

शरद ऋतूत नदीवर जुन्या घडणीच्या विमानांचा मेळावा भरतो. दुसऱ्या गावांतले क्लब येतात, बांधावर बायकामुलं डबे घेऊन बसतात. पांढरं विमान त्या मेळाव्यासाठी होतं. तोकुजीला त्यावर सगळा क्रम एकदा पुरा करायचा होता, उड्डाणापासून उतरण्यापर्यंत, तरुणपणी केला होता तसा.

मेळाव्याच्या थोडं आधी, सरावाला त्यांनी जुनं पिवळं विमान नेलं. हवा स्वच्छ होती. विमान पलीकडच्या काठावरून वळून सरळ त्यांच्याकडे यायला लागलं. अशा वेळी फार जपावं लागतं. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं आपल्या उलट असतं, समोर बसलेल्या माणसाचं असतं तसं. नामिए नेहमी विमानाचंच डावं-उजवं सांगायची. तसं ठरवलं कुणी नव्हतं, पण तसंच चालत आलं होतं. त्या दिवशी मागे बांधावर कुठंतरी सायकलची घंटी वाजली, तिचं चित्त हललं, आणि तिला जे दिसलं तेच तिच्या तोंडून गेलं.

"डावा पंख पडलाय."

तो पंख तिच्या डाव्या हाताला होता. विमानाचा तो उजवा. तोकुजीनं डावा सावरायला ट्रान्समीटरची दांडी उजवीकडे दाबली. पडलेला पंख आणखी पडला, विमान कुशीवर झालं, मग नाक खाली घालून त्यांच्या डोक्यांवरून, टेम्पोंच्या टपांवरून, किंकाळी फोडत बांधाकडे गेलं.

ते उतारावरच्या गवतात नाकापर्यंत रुतलं. वर सायकल धरून एक म्हातारी उभी होती, पुढच्या टोपलीत मुळे. प्रोपेलरनं उडवलेली माती तिच्या बुटांवर पडली होती. नामिए धावत पोचली तेव्हा म्हातारीच कमरेत वाकली. "मध्येच आले मी. तुमची अडचण केली. माफ करा."

नामिएला वाकणं थांबवताच येईना. ती एकदा वाकली, म्हातारी वाकली, ती पुन्हा वाकली. शेवटी म्हातारी मुळे सावरत निघून गेली, आणि नामिए त्या बुटांकडे बघत राहिली.

खाली क्लबचे प्रमुख हाचिया आले. गावात त्यांचं केस कापायचं दुकान आहे आणि अर्ध्या क्लबची डोकी त्यांच्या हाताखालून जातात. "काय झालं, इसोगाईसान?"

"सिग्नल तुटला," तोकुजी म्हणाला. "ट्रान्समीटर जुना झालाय."

"होतं असं," हाचिया म्हणाले, आणि त्यांनी नामिएकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान डोलावली. ती मान तिची तिलाच जड झाली.

दोघं घरी आली. हातपाय धुऊन तोकुजी ओट्याशी येऊन उभा राहिला.

"तू चुकलीस."

नामिए तांदूळ धूत होती. "काय चुकले?"

"डावा म्हणालीस. पडला होता उजवा. विमानाचं डावं सांगायचं असतं."

"दिसलं ते सांगितलं."

"दिसेल ते सांगून कसं चालेल? समोरून येत होतं ना?"

नामिएनं नळ बंद केला. "हो. समोरून येत होतं. इतकं जवळ आलं होतं की त्यावरचा आकडा मला वाचता येत होता. मग तुम्हाला पंख दिसला नाही?"

तोकुजी ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला, लाकूड घासून झालं की फिरवायचा तसं. "कडेनं दिसतं," तो म्हणाला. "मध्ये नाही. मध्ये धुकं आहे."

"कधीपासून?"

"तुला माहीत आहे कधीपासून."

ते खरंच होतं. तिनं भात लावला. पाठमोरीच होती तेव्हा तो म्हणाला, "मेळाव्याला एकदाच. एकदा पुरा क्रम. मग मीच बंद करतो. तू नीट सांगितलंस तर काही होत नाही." आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं तिचा सराव घ्यायला सुरुवात केली. लाकडाच्या उरलेल्या तुकड्यातून हातभर विमान कापलं आणि जेवणाच्या टेबलापलीकडे बसून तो ते हातानं फिरवायचा. "आता कोणता पडला?" "उजवा." "आता?" "डावा. नाक वर." एकदाही तिचं चुकलं नाही. तो खूश होऊन म्हणाला, "बघ. बसच्या परीक्षेत बसली असतीस तर पास झाली असतीस."

"बसमध्ये माणसं असतात," नामिए म्हणाली.

त्यानं ते ऐकलं नसल्यासारखं केलं. किंवा जुन्या सवयीनं खरंच ऐकलं नाही.

मेळाव्याच्या आधी केस कापायला ती त्याला हाचियांच्या दुकानात घेऊन गेली. ती बाकावर मासिक घेऊन बसली. हाचिया गप्पा मारत कात्री चालवत होते, नदीला पाणी किती आहे, कोणत्या गावचे लोक येणार आहेत. मान साफ करून झाल्यावर त्यांनी हातातला छोटा आरसा त्याच्या डोक्यामागे धरला. "मागून ठीक आहे का बघा."

तोकुजीनं समोरच्या मोठ्या आरशात पाहिलं. "झकास."

हाचियांनी आरसा उलटा धरला होता. काळी पाठ तोकुजीच्या बाजूला होती.

हे मुद्दाम की चुकून, नामिएला आजवर कळलेलं नाही. मोठ्या आरशात त्यांची आणि तिची नजर एक झाली. हाचियांनी आरसा हळूच खिळ्याला अडकवला, तोकुजीच्या खांद्यावरचं कापड झटकलं आणि विचारलं, "मेळाव्याला मागे वहिनीच उभ्या राहणार ना?"

"मग कोण?" तोकुजी म्हणाला. "बाकीच्यांचं वाचन म्हणजे गावच्या भोंग्यासारखं."

"बरोबर," हाचिया म्हणाले. ते हसले नाहीत. दार उघडून देताना ते नामिएला हळू आवाजात एवढंच म्हणाले, "बांधावर या वेळी गर्दी जास्त असेल. मी काही बोलत नाही, वहिनी. तुम्ही जे कराल ते."

नामिएला त्यांचा राग आला. नियम त्यांचे, क्लब त्यांचा, एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. पण तो शब्द तोकुजीला सगळ्यांदेखत ऐकावा लागला असता, हेही तिला कळत होतं. त्यांनी तिच्या हाती उपकार दिला की ओझं, हे ठरवता ठरवता टेम्पो दोनदा चुकीच्या गल्लीत वळला. "रस्ता विसरलीस?" तोकुजीनं विचारलं. वळणं त्याला अजून अंगानं कळत होती.

मेळाव्याच्या दिवशी ऊन सुरेख पडलं. पांढऱ्या विमानाभोवती लोक जमले. रेशमातून फासळ्या पुसट दिसत होत्या. एका परगावच्या माणसानं हात मागे बांधून, श्वास रोखून पंख न्याहाळला आणि तो म्हणाला, "असं काम आता कोण करतं?" तोकुजीनं शकुन म्हणून पंखावर चिमूटभर मीठ टाकलं. त्याचा चेहरा इतका उजळला होता की नामिएनं मान फिरवली. तिकडे बांध होता. चटया पसरल्या होत्या, डबे उघडले होते, एक बाई तान्ह्या बाळाला टोपी घालत होती.

इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. हाचियांनी शेपटी धरली होती. तोकुजी आपल्या जागी उभा राहिला, पाय रोवले, मान वर केली. नामिए मागे आली. निघण्याआधी मागच्या माणसानं धावपट्टीवर, वर आणि मागे बघून "मोकळं आहे" म्हणायचं असतं. ते ऐकल्याशिवाय कुणी वेग देत नाही.

तोकुजी थांबला. नामिए बोलली नाही.

"अगं?"

"बांधावर माणसं आहेत," ती म्हणाली.

"माणसं असतातच."

"मला दिसताहेत. एक बाळ आहे." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, कसरती वाचायची तसा. "मी चुकले तर तुम्हाला सावरता येणार नाही. आणि मी चुकते, हे आपण पाहिलंय."

"सरावात चुकली नाहीस."

"टेबलावर."

इंजिन गुरगुरत होतं. हाचिया शेपटी धरून वाकलेलेच होते. त्यांनी वर पाहिलं नाही. तोकुजीचा अंगठा दांडीवर होता. त्यानं मनात आणलं असतं तर तिच्या शब्दावाचून वेग देता आला असता. ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली. आपण हात पुढे करून तो धरू का, हे तिला माहीत नव्हतं.

"म्हण ना," तो म्हणाला. असा स्वर तिनं उभ्या संसारात ऐकला नव्हता.

तिनं कसरतींचा कागद घडी करून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला, आणि ती त्याच्या मागून निघून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

विमान जागच्या जागी थरथरत राहिलं. धावपट्टीवर पुढचा माणूस खोळंबला होता, पण कुणी घाई केली नाही, कुणी विचारलंही नाही. टाकीतलं सगळं इंधन जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत तोकुजी वर मान करून रिकाम्या आभाळाकडे बघत होता. मग हाचियांनी विमान उचललं आणि लहान मूल न्यावं तसं टेम्पोपर्यंत नेलं. "मी उडवू का एकदा, इसोगाईसान? तुमच्यासाठी?" त्यांनी विचारलं. तोकुजीनं मान हलवली. नको.

त्यानंतर घरात बोलणं थांबलं. तोकुजी माळ्यावरच्या खोलीत बसायचा. विमान छताला टांगलेलं होतं. नामिए जेवण वाढायची, तो जेवायचा, भांडी विसळून ठेवायचा. रविवारी सकाळी दोघंही लवकर उठायची आणि मग काय करायचं ते न सुचून वेगवेगळ्या खोल्यांत जाऊन बसायची. नदीकडून इंजिनांचा आवाज यायचा. वारा तिकडचा असला की फारच स्पष्ट. आपण योग्य केलं का, असं नामिएनं स्वतःला विचारलं नाही. बाळाची टोपी तिला आठवत होती. पण "म्हण ना" हेही आठवत होतं, आणि दोन्हींपैकी एकही मागे हटत नव्हतं.

एका संध्याकाळी तिनं कढत मिसो सूपची वाटी आणून टेबलावर ठेवली. तो टेबलापलीकडे बसला होता आणि त्याचा हात चॉपस्टिक शोधत टेबलावरून सरकत होता.

"जपून. सूप उजवीकडे आहे," ती म्हणाली.

हात थांबला.

"कुणाच्या?" तोकुजीनं विचारलं.

नामिए त्याच्यासमोर उभी होती. तिनं एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"तुमच्या," ती म्हणाली.

त्यानं हात उजवीकडे नेला, वाटीची कड बोटांनी चाचपली आणि ती दोन्ही हातांनी उचलली. सूप संपेपर्यंत ती तिथंच उभी राहिली, मग खुर्ची ओढून त्याच्या उजव्या बाजूला बसली.