डबल बेलशिवाय गाडी निघत नाही

वळण आलं की ड्रायव्हरभाऊ हात दाखवायचे. गाडीतून नव्हे, पायी चालताना. उजवीकडे वळायचं असलं की उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर. वेग कमी करून थांबायचं असलं की तळवा जमिनीकडे करून हात सावकाश वर-खाली. मागून कुणी येवो न येवो. अमरावतीच्या तळ्यामागच्या त्या वनउद्यानात भल्या सकाळी मागून येऊन येऊन येणार कोण, तर एखादी खार. मी एकदा तसं म्हटलंही. ते म्हणाले, "खार झाली म्हून काय झालं, म्याडम? तिले बी समजलं पायजे ना, आपून कुठं वळून राहिलो."

त्यांनी जन्मभर एसटी चालवली होती. निवृत्त झाल्यावर मोटार सोडा, मुलीच्या स्कूटरलाही हात लावला नाही. चालवली ती फक्त ही पायवाट. मुरमाची, सपाट, चढ नावालाही नाही. गुडघे बदललेल्या आजीबाई आणि पोट सुटलेले वकील तिथं बिनघोर चालत. बांबूच्या बेटातून निघायचं, पळसांच्या कडेकडेनं लाकडी पुलावर यायचं आणि शेवटच्या बाकाला वळसा घालून परतायचं. भाऊंच्या लेखी ही अमरावती-अकोला साधी गाडी होती. बांबूचं बेट म्हणजे बडनेरा. पाण्याचा नळ म्हणजे मूर्तिजापूर. तिथं ते मोठ्यानं सांगत, "गाडी धा मिन्टं थांबंन, चहापानी करून घ्या!" पुलाजवळच्या झाडाखाली पाटी होती. ती वाचून मी एकदा म्हटलं, "भाऊ, हा अर्जुन आहे." त्यांनी झाडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असंन. आपल्यासाठी बोरगाव मंजूचा स्टॉप."

त्यांच्या कुत्र्याचं नाव कंडक्टर. तांबूस, गावठी, एक कान उभा आणि एक कायमचा पडलेला. पिल्लू असताना तो डेपोत उभ्या गाडीखाली झोपायचा आणि भाऊ निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आला. उद्यानाच्या फाटकाशी येणाऱ्या प्रत्येकाचे पाय हुंगल्याशिवाय तो पुढं जाऊ देत नसे. "तिकिट चेक करून राहिला," भाऊ ओशाळून सांगत. पण त्याचा खरा अधिकार वेगळा होता. दर थांब्यावर भाऊ थांबत, आणि कंडक्टर दोनदा भुंकल्याशिवाय पाऊल उचलत नसत. एकदाच भुंकला तर नाही. "सिंगल बेल म्हंजे थांबा. डबल झाल्याबिगर गाडी हालत नाई." कधी कधी कंडक्टर सरड्याच्या नादी लागे आणि आम्ही सगळे मूर्तिजापुरात अडकून पडत असू.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातूनच झाली. माझे यजमान गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ग्रंथालयातली नोकरीही संपली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी खाली मान घालून चालत असे. एका सकाळी पाठीमागून आवाज आला, "ओ म्याडम! डाव्या अंगानं ओव्हरटेक करून राहिल्या तुमी! कुठं शिकल्या गाडी?" मी दचकून मागं पाहिलं. धोतर, टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, कुत्र्याची दोरी दोन्ही हातांत स्टेअरिंगसारखी धरलेली. मला हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलेलं असल्यामुळे ते धड आलंही नाही, खोकल्यासारखं काहीतरी झालं. कंडक्टरनं माझे पाय हुंगले. "बसा," भाऊ म्हणाले, "म्हंजे चाला. शीट रिकामं हाय."

त्यांची मुलगी अकोल्याला होती. भाऊंचं हृदय दमलेलं होतं, आणि त्यांनी आपल्याजवळ राहावं म्हणून ती दर रविवारी फोन करायची. नेमकी आम्ही पुलावर असताना. फोन स्पीकरवर असे, त्यामुळे सगळ्या उद्यानाला ऐकू जाई. "बाबा, या ना आता. दवाखाना घरासमोर आहे. पण कुत्रं नको, फ्लॅटमध्ये चालत नाही." भाऊ म्हणत, "कंडक्टरबिगर गाडी डेपोतून काढाले परवानगी नाई, बेटा." ती चिडे, रडे, फोन ठेवी. मग ते मला विचारत, "म्याडम, कंडक्टरले ठेवून घेनारं तुमच्या वळखीत हाय का कोनी? मानूस चांगला पायजे. भाकर टायमावर टाकनारा." मी नाही म्हणायचे. आपलं स्वतःचं नाव मनात येई आणि मी ते तिथंच ठेवून देई. घरात एक खुर्ची रिकामी झाली होती. जे आज ना उद्या जाणार, ते पुन्हा घरात आणायचा धीर माझ्यात नव्हता.

एका पावसाळ्यानंतर पळसांजवळ एक बाभूळ वाटेवर आडवी पडली होती. कुणीही जागच्या जागी वळून परत गेलं असतं. भाऊ मात्र थांबले, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं आणि जाहीर केलं, "वळाले जागा नाई. रिव्हर्स घ्या लागते."

"भाऊ, तुम्ही पायी आहात."

"मंग? पायी मानसाले मागचं दिसते काय?"

रिव्हर्स घ्यायचा तर कंडक्टरनं मागं उभं राहून 'येऊ द्या' म्हणायला हवं. कंडक्टर बाभळीवर चढून बसला होता. तेव्हा ते काम माझ्याकडं आलं. मी मागं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "येऊ द्या."

"आवाज नाई आला!"

"येऊ द्या!"

"अवो म्याडम, इंजिनाचा आवाज हाय! जोरानं!"

तेवढ्यात शाळेची सहल मागून आली. चाळीसेक पोरं, दोन शिक्षिका. भाऊ पाठमोरे, एकेक पाऊल मागं टाकत, मान डावीकडं वळवून येत होते. ग्रंथालयात जन्मभर ओठांवर बोट ठेवणारी मी दोन्ही हात हलवत ओरडत होते, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं दाबा, बस्स!" पोरांनी ताल धरला. येऊ द्या! येऊ द्या! एक शिक्षिका हसता हसता खालीच बसली. भाऊ माझ्याशी येऊन टेकले, घाम पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, "चांगलं केलं. खरोच नाई आली कुठं."

त्याच हिवाळ्यात ते पुलावर बसले ते उठेनात. चेहरा राखेसारखा झाला होता. कंडक्टर दोनदा भुंकला, मग थांबून पुन्हा दोनदा. भाऊंनी नुसता तळवा खाली केला. थांबा. मग म्हणाले, "पोरगी बरोबर म्हंते. जा लागते अकोल्याले." आणि माझ्याकडं न पाहता, दोरीची गाठ चाचपत विचारलं, "कंडक्टरची बदली करा लागंन, म्याडम. तुमच्या डेपोत जागा हाय काय?"

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. ते रागावले नसते, आणि अकोल्यालाही गेले नसते. त्या पुलावर ते मला स्वच्छ दिसलं. "आहे जागा," मी म्हटलं.

"भाकर?"

"वेळेवर."

"मंग ठीक. जराक हट्टी हाय. ओढजा नका त्याले, इचारजा."

मुलीनं गाडी आणली होती, पण ते एसटीनंच गेले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि गाडी निघायच्या आधीच त्याला दोन सूचना दिल्या. कंडक्टरकडं त्यांनी पाहिलं नाही. दोरी हातात घेऊन मी खाली उभी होते, आणि मीही त्याच्याकडं पाहिलं नाही.

अकोल्याहून रोज फोन यायचा. "गाडी टायमात हाय ना?" कंडक्टर घरात कसा राहतो ते सगळं सांगावं लागे. पहिले दिवस तो दारातच बसून होता. नंतर यजमानांच्या खुर्चीवर चढला आणि उतरेना. हे ऐकून भाऊ इतके हसले की मुलीनं फोन काढून घेतला. होळीच्या आधी एका सकाळी फोन तिचा आला.

दुसऱ्या दिवशी मी कंडक्टरला घेऊन उद्यानात गेले. त्याला सांगायला हवं होतं, आणि कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं. पळस पेटले होते. त्यांच्याखाली मी उकिडवी बसले, त्याचा उभा कान धरला आणि म्हटलं, "भाऊ गेले रे." त्यानं माझं नाक चाटलं. एवढ्यात झुडपातून एक मुंगूस निघालं, आणि कंडक्टर सुटला. दोरी माझ्या मनगटाला होती, म्हणून मीही सुटले. चप्पल एक तिथंच राहिली. वाट सोडून, पाचोळ्यातून, डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नाही. मी रडत होते, हसत होते, काय करत होते ते मलाच ठाऊक नाही. समोरून येणाऱ्या एक बाई किंचाळल्या, "अहो, आवरा त्याला!"

"नाई आवरत!" मी पळता पळता ओरडले. "बाजूले व्हा, बाप्पा, बाजूले व्हा!"