डाळीच्या डब्यातला चष्मा

राजगडाखालच्या पालीतल्या हनुमंताच्या घरी एक चष्मा होता, पण तो नाकावर काही राहिला नाही. त्याची लेक अश्विनी आठवीत असताना शाळेत डोळे तपासायला माणसं आली, त्यांनी तो दिला. घरी आणला त्याच दिवशी तिच्या आईनं, रत्नानं, काढून घेतला आणि रुमालात गुंडाळून तूरडाळीच्या डब्यात तळाला घातला. चष्मेवाल्या पोरीला स्थळ येत नाही, हे काय कुणी रत्नाला शिकवायला हवं होतं? फळ्यावरचं दिसत नसेल तर पुढच्या बाकावर बस, म्हणाली.

पुढं अश्विनीनं मिलिटरीचं मनावर घेतलं. राजगडाच्या पायथ्याला हनुमंताचा ताकाचा ठेला आहे. तिथं एकदा मिलिटरीतल्या पाच-सहा पोरी गड उतरून ताक प्यायला थांबल्या. ओठांवरची ताकाची मिशी पुसत मोठ्यानं हसत होत्या. ठेल्यावरची म्हातारी माणसं येईल त्या पोरीला ‘लगीन झालं का गं?’ विचारल्याशिवाय सोडत नाहीत. ह्यांना कुणी चकार शब्दानं विचारलं नाही. अश्विनीनं पेले धुता धुता ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही नको होतं.

भरतीत चष्मेवाल्यांना घेत नाहीत, असं तिच्या कानावर होतं. मग तीही डब्याकडं फिरकेना. आईला चष्मा लपवायचा होता लग्नासाठी, लेकीला लग्नातनं सुटायला. मायलेकींचं जन्मात एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर.

तसंच तिचं चाललं. रस्त्यापलीकडनं चुलती हाक मारायची, हिला ती दिसायची नाही. पोरगी शिष्ट आहे, लई शिकली म्हणून माजली, असं गावानं ठरवून टाकलं. वेल्ह्याच्या स्टँडवर एसटीची पाटी वाचता यायची नाही. तिथं स्नेहल असायची. वेल्ह्याचीच पोरगी, हिच्याबरोबर भरतीची तयारी करणारी. ती काही न विचारता गाडीचं नाव सांगून टाकायची. घराबाहेरची एवढी एकच जगात तिचं गुपित जाणून होती, आणि त्याबद्दल तिनं कधी एक अक्षर काढलं नाही. पहाटे हनुमंत रस्त्याच्या टोकाला पांढरा टॉवेल धरून उभा राहायचा आणि अश्विनी त्या पांढऱ्याकडं पळत सुटायची. दिवसभर ठेल्यावर उभं राहून त्याचे पाय भरून यायचे, पण पहाटेचा टॉवेल चुकला नाही.

लेखी परीक्षेत ती पास झाली. मैदानात तर तिनं कमाल केली, स्नेहलसुद्धा मागं पडली. राहिले डोळे. त्याची तयारी तिनं केव्हाच केली होती. भोरच्या चष्म्याच्या दुकानात तक्ता टांगलेला असतो, त्याच्याशी नाक लावून सगळ्या ओळी पाठ केल्या होत्या. पुण्यात तपासणीला नेमका तसाच तक्ता निघाला. काय नशीब म्हणावं! ती वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून गेली, कुठं अडखळली नाही.

डॉक्टरीण बाई वयस्क होत्या. त्या उठून तक्त्याजवळ गेल्या, एका अक्षरावर बोट ठेवलं आणि हे कोणतं, असं विचारलं. अश्विनीला अक्षरं सगळी येत होती. बोट कुठं आहे ते दिसत नव्हतं.

बाई रागावल्या नाहीत. चष्मा आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. आहे म्हणाली. कुठं आहे? डाळीच्या डब्यात. बाईंनी कागदावर लिहायचं ते लिहिलं आणि लावत जा म्हणाल्या. येताना एसटीत तिला रडूही आलं नाही. इतकी वर्षं डोळे बारीक करकरून ती दमून गेली होती.

रत्नाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण चार दिवसांत भाटघरचं स्थळही आलं. मुलगा कंपनीत कामाला, त्याची आत्या बनाबाई बघायला येणार होती, आणि बनाबाईची नजर लई बारीक, अशी ख्याती होती. रत्नानं लेकीला चुलीपाशी घेतलं. "त्या टाइम विचारत्यात. चहा देताना जवळनं घड्याळ बघून ठिव."

अश्विनीनं चहा दिला, घड्याळ बघून ठेवलं. पोहे झाले, शिक्षण विचारून झालं आणि बनाबाईनं मांडीवर मोबाईल असताना भिंतीकडं मान केली. किती वाजले गं पोरी?

साडेपाचला पाच कमी. मधली मिनिटं धरून उत्तर जिभेवर होतं. म्हणायचं आणि सुटायचं. पण पुन्हा पाठ केलेलं म्हणायचं तिच्या अगदी जिवावर आलं.

"मला हितनं दिसत न्हाई, आत्या," ती म्हणाली.

हे वाक्य तिनं जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. मग उठली, आतनं डबा आणला, पाहुण्यांसमोरच कोपरापर्यंत हात घालून, डाळ सांडत चष्मा काढला, ओढणीला पुसला आणि लावला. आठवीतल्या पोरीच्या मापाचा तो, कानशिलाला आवळला. तिनं घड्याळाकडं पाहिलं. नंबर केव्हाच वाढलेला होता.

"ह्यातनंबी न्हाई," असं म्हणून ती खाली बसली.

कळवतो म्हणून पाहुणे गेले. कळवतो म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. रत्ना भांडली नाही. सांडलेली डाळ एकेक दाणा टिपत बसली आणि मध्येच म्हणाली, "म्याच ठिवला व्हता गं." अश्विनी तिच्याशेजारी बसून टिपू लागली.

हनुमंतानं ठेला बंद ठेवला आणि लेकीला भोरला नेलं. तक्ता तोच होता, पण ह्या खेपेला तिनं दिसलं तेवढंच सांगितलं. नवा चष्मा मिळायला आठवडा गेला. तो लावून ती दुकानाबाहेर आली, तर रस्त्यापलीकडं, स्टँडच्या भिंतीवर, मोठा फ्लेक्स लागला होता. मिलिटरीत निवड झालेल्या भोर-वेल्ह्यातल्या मुलींचं अभिनंदन. पहिलाच फोटो स्नेहलचा. तिच्या कपाळावरचा व्रणसुद्धा दिसत होता. इतक्या लांबून स्नेहलचा चेहरा तिनं कधीच पाहिला नव्हता. तिनं एकेक नाव वाचलं, शुभेच्छा देणाऱ्यांची वाचली, तळाला बारीक अक्षरांत छापणाऱ्याचा मोबाईल नंबर होता तोही वाचला.

"नीट दिसतंय न्हवं?" हनुमंतानं विचारलं.

"व्हय आबा," ती म्हणाली. "पार खालच्या ओळीपातूर."