भट्टीवरच्या हेल्परचा हुद्दा

माझ्या पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. रास अल खैमाचं हे एक मात्र बारीकसारीक तपशिलासह आठवतं, आणि ते नोकरी संपल्यानंतरचं आहे.

निवृत्तीनंतर मी दुबईत अल मनखूलला मुलीकडे राहायला आलो. महिनाभरात जावयाने मराठीत आणि नातवंडांनी इंग्रजीत जाहीर केलं की आजोबांना काहीतरी काम दिलं पाहिजे. जावयाच्या ओळखीच्या एका मराठी कारखानदाराचा रास अल खैमाला टाइल्सचा कारखाना होता. इथे कामगाराचा व्हिसा मालकामार्फत निघतो. त्यावरचा हुद्दा आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ बसेलच असं नाही. कागदावरचा सेल्समन वेल्डिंग करताना दिसतो. आता सुधारित नियमांप्रमाणे कुशल माणसाला कुशल म्हणूनच नोंदवायचं, तर साक्षांकित प्रमाणपत्र जोडावं लागत होतं. ती प्रमाणपत्रं तपासायला मालकाने मला तीन महिन्यांसाठी ठेवलं.

दुसऱ्याच आठवड्यात एचआरच्या फोनवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. भट्टीवरच्या हेल्परचं आयटीआयचं सर्टिफिकेट बोगस आहे, एवढाच मजकूर. त्याला टेक्निशियन म्हणून नोंदवण्याचा अर्ज तिथेच अडकला.

हा हेल्पर रायगडच्या किनाऱ्यावरचा, चाळिशीतला, अकरा वर्षं त्याच भट्टीवर. हुद्दा मिळाला तर पगार वाढणार होता आणि तेवढ्या पगारावर बायको-मुलीला इथे आणता येणार होतं. मुलगी नऊ वर्षांची होती आणि त्याला फक्त सुट्टीत भेटायची. कुशल कामगारांच्या नावांची यादी गुरुवारी सरकारी कार्यालयात जायची होती.

मी त्याला बोलावलं. इथे माझ्याकडे ना वर्दी, ना कोठडी. दोन खुर्च्या आणि चहा, एवढ्यावर चौकशी. खोटं बोलणारा उत्तरं घोकून येतो. हा प्रत्येक प्रश्नाला थांबून, आठवून उत्तर देत होता. आयटीआय झालेला माणूस हेल्पर म्हणून का आला, असं मी विचारलं.

"एजंट बोलला, हेल्परचा व्हिसा तयार आहे, टेक्निशियनचा येईल तेव्हा येईल. घरी थांबायची सोय नव्हती, साहेब."

मी त्याच्या आयटीआयला फोन लावला. प्राचार्यांनी जुनं रजिस्टर काढून नाव, नंबर, ट्रेड सगळं वाचून दाखवलं. कागद खरा होता.

मग खोटी खबर देणारा कोण? फाईलमध्ये जाण्याआधी ते प्रमाणपत्र एकाच माणसाने पाहिलं होतं. शिफारशीची सही करणारा त्याचा शिफ्ट सुपरवायझर, ठाण्याचा. पण दोघांत वैर नव्हतं, जेवायलाही एकत्र बसत. म्हणून मी जुनी युक्ती वापरली. सुपरवायझरला सांगितलं, सर्टिफिकेट बोगसच निघालं, माणसाला शुक्रवारच्या विमानाने परत पाठवतोय. वैरी असता तर निवांत चहा पिऊन उठला असता. याचा चेहरा पडला.

"सर, कॅन्सलेशन नको. तो गेला तर माझी भट्टी खलास. फक्त हुद्दा देऊ नका."

पुढचं त्याने आपणहून सांगितलं. भट्टी सगळी हेल्परच सांभाळायचा, हा फक्त सही करायचा. नव्या नियमांत कामगार नोटीस देऊन दुसरीकडे जाऊ शकतो. कुशल म्हणून नोंद झाली की कुणीतरी त्याला पळवणार, ही भीती, म्हणून तो मेसेज.

यादी गुरुवारी हेल्परच्या नावासह गेली. मेसेज कुणाचा ते कळल्यावरही त्याने तक्रार केली नाही. "सुपरवायझरला भट्टी शिकवतो, म्हणजे घाबरणार नाही," एवढंच म्हणाला. दोन-अडीच महिन्यांत त्याची बायको-मुलगी आली.

वैर नसताना तुम्हाला संशय कसा आला, असं मालकाने विचारलं. मी म्हणालो, अनुभव. कसला अनुभव, ते सांगितलं नाही. मी पोलीस ठाण्याचा प्रभारी असताना माझा रायटर, म्हणजे कागदपत्रं लिहिणारा हवालदार, फार हुशार होता. त्याचा पंचनामा कोर्टात टिकायचा. आई अंथरुणाला खिळली म्हणून त्याने गावाकडे बदली मागितली, तीन वेळा. तिन्ही वेळा मी शेरा दिला, 'कामाच्या निकडीमुळे सोडता येत नाही'. आई गेली तेव्हा तो ठाण्यात बसून माझाच अहवाल लिहीत होता.

त्याच्यावर माझा जीव होता आणि मी त्याचं भलंच करतोय अशी माझी समजूत होती. सुपरवायझरचा पडलेला चेहरा पाहिला आणि मला माझी लाज वाटली. नियम सुधारतात, पण कामाच्या माणसाला अडकवून ठेवणारे माझ्यासारखे लोक प्रत्येक टेबलावर असतात, हे मला फार उशिरा कळलं.

ते तिन्ही शेरे त्या हवालदाराच्याच अक्षरात आहेत. मी सांगत गेलो, त्याने लिहून घेतलं आणि सहीसाठी माझ्यापुढे ठेवलं.