सतरा नंबरचा दगड

आमची वारसा समिती चार वर्षं चालली. कागद एका फाईलीत मावले, किस्से मात्र घरभर झाले. मी अध्यक्ष, म्हणजे रिटायर्ड इतिहासाचा मास्तर. सचिव डोंगरेभाऊ, नगरपालिकेतले जुने बाबू. ध्येय एकच: पांढुर्ण्याबाहेरचं पडकं हेमाडपंती देऊळ जागतिक वारसा यादीत घालायचं!

अर्जात प्रश्न होता, 'ही वास्तू साऱ्या मानवजातीसाठी का महत्त्वाची?' मी दोन दिवस पेन चावत बसलो.

डोंगरेभाऊ म्हणाले, "सध्या शेजारच्या सौसर गावापर्यंत लिहा जी गुरुजी. मानवजात मंग पाहू!"

*

भोपाळहून पुरातत्त्व खात्याचे साहेब येणार कळल्यावर मला सुचलं, देऊळ जरा चकाचक दिसावं. सगळ्या मूर्तींना चंदेरी ऑइलपेंट मारला. स्वतः शिडीवर चढून!

साहेबांनी डोळे चोळत विचारलं, "ये कितना पुराना है?"

डोंगरेभाऊ खरं बोलणारा माणूस. "मंदिर यादवों का, पेंट परसों का!"

पुढचा महिनाभर समिती रंग खरवडत होती.

*

साहेब जाताना सांगून गेले, सुटे कोरीव दगड मोजा, नंबर टाका. पुढच्या भेटीत एकही कमी निघाला तर प्रस्ताव इथंच थांबेल. मी लाल रंगानं नंबर टाकले. एकूण एक्केचाळीस.

त्यातला एक तर शेजारच्या चंद्रभागाबाईंच्या चुलीत निघाला. त्या म्हणाल्या, "टाका नंबर, पण भाकरी होऊ द्या आधी!"

सगळे दगड नदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला नीट रचून ठेवले. ही अक्कलही माझीच.

*

मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्यावरून सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. तीस वर्षं मी वर्गात त्याविरुद्ध भाषणं दिली. त्या दिवशी गेलो तो फक्त बघायला. फुटू नये म्हणून चष्मा खिशात ठेवला. तेवढ्यात कोणीतरी पायाशी दगडांची टोपली ओतली, लोक ओरडायला लागले, आणि हात काही ऐकेना. एकच फेकला, देवाशपथ!

दुसऱ्या दिवशी दगड मोजले. चाळीस! सतरा नंबर गायब, तोच कमळाच्या नक्षीचा.

मी सभा घेऊन गरजलो, "हे सावरगाववाल्यांचं काम आहे!" सावरगावात माझी मुलगी दिली आहे, हेसुद्धा विसरलो.

*

साहेब पुन्हा आले. देवळापाशी टेबल मांडून, रजिस्टर उघडून एकेक नंबर पुकारू लागले. "सत्रह?"

मी सावरगावची तक्रार मांडायला उभा राहिलो. तेवढ्यात सावरगावचे माझे व्याही विठोबाजी तिथं आले. कपाळावर पट्टी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी दगड काढून टेबलावर ठेवला. कमळ, आणि माझ्याच अक्षरात लाल १७.

साहेबांनी विचारलं, "कहाँ मिला?"

विठोबाजी माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "घरपोच आला जी. इवाई, तुमच्या डोयावर चष्मा नव्हता, म्हणून मी तुम्हाले दिसलो नाही. मले तुम्ही बराबर दिसले!"