लतिकाबाईंचं चित्रवाचन

लतिका,

दाराखालून सरकवलेलं हे पाकीट तू आधी उलटसुलट करून बघशील. तिकीट का नाही, नाव घाईत लिहिलंय की सावकाश, सगळं. बघू नकोस. मीच आहे, उत्तरा, तुझ्या खालच्या मजल्यावरची. समोर बसून बोलले तर तू मला मध्येच तोडशील, म्हणून लिहिते आहे. आणि तुझी गोष्ट तुलाच सांगताना सारखं 'तू, तू' करायला लागले की मी पेन खाली ठेवते आणि पत्र पुढे जात नाही. म्हणून परक्या बाईची सांगावी तशी सांगते. त्यात मीही नुसती उत्तराच असेन. कुठे चुकलं तर समासात लाल पेन्सिलीने लिही.

लतिकाने पहाडगंजच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. तिसरी-चौथीचा चित्रवाचनाचा तास तिचा. फळ्यावर बाजाराचं नाहीतर स्टेशनचं मोठं चित्र टांगायचं आणि विचारायचं, "काय दिसतंय?"

"बाई, आदमी."

"माणूस म्हण. आणि माणूस मलाही दिसतोय. तो आत्ता आलाय की निघालाय?"

दिल्लीत वाढलेली पोरं. अर्धे शब्द मराठी, अर्धे हिंदी. पण महिन्याभरात तीच पोरं सांगायला लागत, की बाई, सावली लांब आहे, म्हणजे सकाळ आहे नाहीतर संध्याकाळ. बूट चिखलाने भरलेत, म्हणजे आत्ताच आलाय. लतिका म्हणायची, "चेहऱ्याकडे शेवटी बघा. फोटो काढताना चेहरा सगळेच नीट करतात. वस्तूंना काही सांगितलेलं नसतं."

हे वाक्य शाळेबाहेरही चालायला लागलं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहत असताना मुलींसाठी आलेल्या स्थळांचे फोटो पत्रिका बघण्याआधी लतिकाकडे येत. शेजारच्या शालिनीच्या मुलीला एका इंजिनिअरचं स्थळ आलं होतं. लतिकाने फोटो हातात धरला आणि म्हणाली, "कोट भाड्याचा आहे. बाही बघ, अंगठ्यापर्यंत आलीय. कोट नसला तर नसू दे गं, पण आपल्याजवळ नाही ते असल्यासारखं दाखवायची हौस आहे." शालिनीने चौकशी केली. नोकरीही कोटासारखीच निघाली. तेव्हापासून लतिकाचा शब्द म्हणजे शब्द. इथल्या मराठी मंडळाचं सगळं काम बघणाऱ्या राघवचं लग्न तर तिनेच फोटो बघून ठरवलं. मुलीच्या हातातली पिशवी घट्ट भरलेली होती आणि तरी ती कॅमेऱ्यासाठी खाली ठेवली नव्हती. "ही संसार सांभाळेल," लतिका म्हणाली. सांभाळला.

नवरा हरिदास. मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेला, सज्जन, कमी बोलणारा. निवृत्तीनंतर दोघं मयूर विहारला आमच्या इमारतीत आली. मूलबाळ नाही. आणि या बाईला, जिला फोटोतल्या परक्या माणसाच्या बाहीची जास्तीची दोन बोटं दिसायची, तिला घरात काय चाललंय ते दिसलं नाही असं कसं म्हणायचं? दिसलं. दसऱ्याच्या सुमारास हरिदास बूट पायात घालून नाड्या हातात धरून नुसता बसून राहिला. पुढे काय करायचं ते त्याला आठवेना. लतिका खाली बसली आणि तिने नाड्या बांधल्या, एकेरी गाठ, टोकं बुटात खोचून. दुसऱ्या दिवशीही तिनेच बांधल्या. कुणाला सांगितलं नाही. उत्तरा रोज संध्याकाळी चहाला जायची, तिलाही नाही.

चौदा जानेवारीला मंडळाची बस पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला, जाते. तिळगूळ वाटत जायचं, स्मारकापुढे उभं राहायचं, ग्रुप फोटो काढायचा, परत. हरिदासने एकही वर्ष चुकवलेलं नव्हतं. "या वर्षी राहू दे," असं लतिकाने म्हटलं असतं तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं. म्हणून दोघं गेली. खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवावी असं तिच्या मनात आलं होतं. पण चिठ्ठी ठेवायची म्हणजे कबूल करायचं. ठेवली नाही.

धुकं होतं. फोटो झाला. लतिका म्हणाली, "अहो, इथेच थांबा, मी पाणी भरून आणते." नळावर रांग होती. ती बाटली घेऊन परत आली तेव्हा हरिदास तिथे नव्हता.

शोधाशोध, लाऊडस्पीकर, पोलीस चौकी, राघवचा नंबर घालून हरवल्याचा निरोप फोनवर सगळीकडे धाडणं, सगळं झालं. बस बाकीच्यांना घेऊन परतली. राघव आणि उत्तरा लतिकाबरोबर पानिपतला राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी चौकीच्या अंगणात उभे असताना राघवच्या फोनवर एक फोटो आला.

"मावशी, करनालच्या बसस्टँडवरून कुणीतरी पाठवलाय. बघा बरं."

बाकावर वाकून बसलेला एक म्हातारा. हातात चहाचा ग्लास. राखाडी स्वेटर, तसा तर अर्ध्या दिल्लीच्या अंगावर असतो. डोकं-कान तपकिरी मफलरने गुंडाळलेले, चेहरा निम्मा आत, निम्मा ग्लासाच्या वाफेत. लतिकाने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि पायांपासून सुरुवात केली.

"हे नाहीत."

"अगं, चेहरा तरी बघ," उत्तरा म्हणाली.

"दिसतोय कुठे चेहरा? नाडी बघ. दुहेरी गाठ, फूल काढलेलं. ह्यांच्या नाड्या मी बांधते. एकेरी गाठ, टोकं आत. काल सकाळीच बांधल्यात. आणि हा मफलर आमचा नाही."

"तू बांधतेस? कधीपासून?"

"दसऱ्यापासून," लतिका म्हणाली आणि पुन्हा फोटोकडे बघायला लागली.

"पाऊण तासाचा रस्ता आहे, मावशी. मी पटकन जाऊन येतो ना," राघव म्हणाला.

"आणि तेवढ्यात ते इथे सापडले तर पळापळ कोण करणार, मी? फोटोत दिसतंय ते दिसतंय, राघव. बाजारातला शेतकरी आहे कुणीतरी. बिचाऱ्याला त्याचे लोक नेतील."

राघवने 'ये वो नहीं हैं' असं लिहून पाठवलं. उत्तराला त्या माणसाचा डावा खांदा ओळखीचा वाटला होता. हरिदास बसायचा तेव्हा त्याचा डावा खांदा उतरलेला असायचा, रोज तसाच बघितलेला. पण ती बोलली नाही. फोटोच्या बाबतीत लतिकापुढे कोण बोलणार? हा भित्रेपणा होता, त्याला दुसरं नाव नाही.

सहाव्या दिवशी अंबाल्याच्या एका इस्पितळातून फोन आला. नाव सांगता येत नाही, पण मराठी बोलतोय असा एक म्हातारा पावसात भिजलेला सापडलाय, छातीत कफ भरलाय. तिघं गेली. वॉर्डात लतिका झपझप पुढे चालत होती आणि एका खाटेपासून चार पावलांवर थांबली. उशाशी तपकिरी मफलर होता. खाटेखाली बूट. नाड्या कुणीतरी न सोडताच बूट ओढून काढले असावेत, दुहेरी गाठी तशाच होत्या.

तिने हरिदासच्या कपाळावर हात ठेवला. त्याने डोळे उघडले, मिटले. मग ती खाली बसली आणि त्या गाठी सोडवायला लागली. ओल्या होऊन आवळल्या होत्या. सुटेनात. उत्तरा मदतीला वाकली, तर म्हणाली, "हात लावू नकोस."

फोटो पाठवणाऱ्याचा नंबर राघवकडे होता. लतिकाने स्वतः फोन लावला. पलीकडे बिमला नावाची बाई होती, करनालच्या स्टँडवर चहाची टपरी चालवणारी.

"फीते खुल गए थे जी, गिर जाते. मैंने बाँध दिए. ठंड थी तो मफलर भी दे दिया, लड़के का पड़ा था."

"कितने दिन थे वहाँ?" लतिकाने विचारलं.

"दो दिन बैठे रहे. उठते ही नहीं थे. कहते थे, घरवाली पानी भरने गई है, आती होगी. फिर आपका जवाब आ गया कि वो नहीं हैं, तो हमने भी... तीसरे दिन बारिश में जाने कौन-सी बस में चढ़ गए. मिल गए ना, बहनजी?"

"मिल गए," लतिका म्हणाली.

आपल्याशिवाय दुसरं कुणी हरिदासच्या पायाशी बसून नाड्या बांधील, हे तिला सुचलंच नव्हतं. एवढीच चूक. तिने फोटोत एकही गोष्ट चुकीची बघितली नव्हती.

हरिदासला घरी आणलं. छाती काही मोकळी झाली नाही. त्याने तिला काही विचारलं नाही, रागावला नाही. रागवायला ती कोण हे त्याला माहीत असायला हवं होतं. होळी झाली आणि चार दिवसांनी तो गेला.

मे महिन्यात शालिनी नातीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो घेऊन आली. लतिका म्हणाली, "चष्मा सापडत नाहीये गं." चष्मा तिच्या नाकावर होता. शालिनीने फोटो परत पिशवीत ठेवला आणि चहा पिऊन गेली.

बास. आता पुन्हा तू.

तेराव्याला तू तो मफलर धुऊन, घडी घालून कापडी पिशवीत ठेवलास आणि मला म्हणालीस, "उत्तरा, करनालला जाऊन त्या बाईला देऊन येऊ. पोस्टाने नको." मी म्हटलं, गाडी मी सांगते, गुरुवारी जाऊ. त्या गुरुवारी तुझी दाढ दुखत होती. पुढच्या गुरुवारी गाडीवाला खाली येऊन उभा होता आणि तू आंघोळीला गेलीस ती तासभर बाहेर आली नाहीस. मी गाडी परत पाठवली. त्यानंतर मीही विषय काढला नाही. तो खांदा मी ओळखला होता, हे त्या बाईसमोर तुझ्या शेजारी बसून सांगावं लागेल, या धास्तीने नाही काढला. आता तुला लिहून टाकलं.

पिशवी अजून तुझ्या दारामागच्या खुंटीवर आहे. काल चहाला आले तेव्हा बघितली. तू माझ्याकडे बघत होतीस, म्हणून तेव्हा विषय न काढता खाली येऊन हे लिहायला बसले.