ट्रॅक्टरचं भाडं

ईट गावात धुरपदाबाईचा हात तोंडाच्या आधी चालतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरणी होती तेव्हा बांध कोरणाऱ्या चुलत दिराच्या पाठीत तिनं कुदळीचा दांडा मोडला होता. एकदा रेशन दुकानदाराला मापात मारताना धरलं आणि त्याचंच माप त्याच्या टाळक्यात घातलं. साठी उलटली तरी त्या हाताला काही वय आलं नाही. तिचा नवरा दगडोबा मात्र नावापुरताच दगड, माणूस लोण्यासारखा मऊ. बायको भांडून आली की तो फक्त एवढंच विचारायचा, "जित्ता हाय का त्यो?"

त्या दगडोबाला मागच्या वर्षी स्लॅबची हौस आली. घर माळवदाचं, म्हणजे लाकडावर माती टाकलेलं छत. दरसाल वर चढून माती चोपायची आणि तरी खाली भांडी मांडायची, याला तो कंटाळला होता. उमरग्याकडचा गुंडाप्पा ठेकेदार आला, भिंतीवर थापटी मारून म्हणाला, "दगडाच्या भिंती हायेत, हत्ती नाचला तरी हलायच्या न्हाईत. कॉलम कशाला? खर्च वाचवा." भिंती दगडाच्या होत्या खऱ्या, पण दगडांच्या मधे नुसता चिखल होता. त्यावर स्लॅब ओतला. खालचे टेकू तीन आठवडे तरी हलवायचे नसतात. गुंडाप्पानं ते नवव्या दिवशी काढून नेले, कारण शेजारच्या वाशीला त्याचं दुसरं काम अडलं होतं.

दहाव्या दिवशी दुपारी दगडोबा नव्या सावलीत बाज टाकून आडवा झाला. धुरपदाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. आवाज असा झाला की खालच्या आळीला वाटलं, तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यात दारू उडाली. धूळ बसायच्या आत ती त्या ढिगाऱ्यात शिरली. हातानं उकरताना तिची तीन नखं निघाली. आधी पाय सापडला, मग हात. डोकं सापडलं तेव्हा शेजाऱ्यांनी तिला मागं ओढलं, तर तिनं ओढणाऱ्याच्या मनगटाचा लचका तोडला.

तिसऱ्या दिवशी गुंडाप्पा भेटायला आला. हात जोडून "देवाची मर्जी" एवढंच म्हणाला असेल नसेल, तिनं ढिगाऱ्यातला दगड उचलून त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे दोन दात अंगणात पडले. ते तिनं पायानं उकिरड्याकडं लोटले.

पोलिसांनी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केली आणि गुंडाप्पानं दातांची तक्रार दिली. आता दोघांची शेंडी एकमेकांच्या हातात. अशा वेळी गावात बैठक बसते, तशी ती बसली. माजी सरपंच गोरोबातात्यांनी आठ लाखांवर तोड काढली आणि मग आवाज खाली आणून धुरपदाबाईला आणि तिच्या पोराला, शंभूला, म्हणाले, "ह्याला भरपाई म्हणू नका. उद्या गाव म्हणंल, शंभूनं बापाचं मढं इकलं. शंभूकडं ट्रॅक्टर हाय, त्येचं भाडं म्हणून लिहा. तुमची अब्रू ऱ्हाती, गुंडाप्पाच्याबी हिशोबाच्या वह्या सरळ ऱ्हात्यात."

बैठकीतल्या सगळ्यांना हे लई शहाणपणाचं वाटलं. आपल्याकडं मेलेल्या माणसाचे पैसे घेणं म्हणजे त्याला बाजारात मांडणं, ही भीती हाडात मुरलेली आहे. शंभूनं भाड्याच्या बिलांवर सह्या केल्या. धुरपदाबाईनंसुद्धा मान हलवली. जिनं उभ्या जन्मात कुणापुढं मान हलवली नव्हती, तिनं नेमकी तिथं हलवली.

चेक आला तो सोळा हजारांनी कमी. शंभूनं फोन लावला तर गुंडाप्पा दोन दात नसलेल्या तोंडानं म्हणाला, "सरकारचा कर कापलाय, शंभूशेट. भाड्यावर कापावाच लागतो. वरचा किती बसतोय त्यो तुमचा तुमी भरा."

"आरं, तुझा बाप मेला त्येच्यावर कर?" धुरपदाबाई शंभूवर कडाडली. दुसऱ्या दिवशी ती पोराला घेऊन एस.टी.नं धाराशिवला गेली. तिथं मैथिली नावाची बाई लोकांचे कराचे कागद भरून देते. तिच्या टेबलावर धुरपदाबाईनं चेक आणि बिलं आपटली.

मैथिलीनं सगळं ऐकून घेतलं, बिलं दोनदा वाचली. "मावशी, कर कमाईवर असतो. पडलेलं घर पुन्हा उभं करायला, माणूस गेला त्याबद्दल, म्हणून जे मिळतं ती कमाई नव्हे. त्यावर कर लागत नाही. ते पैसे बँकेत ठेवले आणि व्याज आलं, तर तेवढं व्याज उत्पन्नात धरतात. पण तुमच्या कागदांत भरपाई कुठंच नाही. शंभूनं ट्रॅक्टर भाड्यानं दिला आणि आठ लाख कमावले, असं आहे यात."

"मंग गुंडाप्पानं भाडं कामून लिवलं?"

मैथिलीनं बिलांवर बोट ठेवलं. "भरपाई द्यायची तर चूक झाली असं लिहावं लागतं. भाडं दिलं की चूकच नाही. या कागदांप्रमाणं तुमचा स्लॅब पडलाच नाही, मावशी."

"आन् ह्येंचं नाव? दगडोबाचं?"

"नाही. कुठंच नाही."

धुरपदाबाईनं चेक आणि बिलं मुकाट गोळा केली. शंभूला त्याचीच धास्ती वाटली. आई ओरडत होती तोवर तिचा अंदाज यायचा.

परतीच्या एस.टी.तून ती ईटच्या अलीकडंच भूमला उतरली, मागोमाग शंभू. गुंडाप्पाचं तिथं एका बंगल्याचं काम चालू होतं, स्लॅब सकाळीच ओतलेला. गुंडाप्पा खुर्चीत बसून चहा पीत होता. धुरपदाबाई त्याच्याकडं बघायलासुद्धा थांबली नाही. वाळूवर पडलेला घण उचलून ती ओल्या स्लॅबखाली गेली आणि पहिल्या टेकूच्या बुडाशी तिनं घाव घातला. टेकू निसटून भिंतीवर आदळला. वरून सिमेंटचं पाणी तिच्या डोक्यावर ठिबकलं.

गवंडी, बिगारी वाट फुटेल तिकडं पळाले. गुंडाप्पाच्या हातातला कप खाली पडला.

"माय! भाईर ये!" शंभू किंचाळला.

"तू तितंच थांब." तिनं दुसऱ्या टेकूवर घण उगारला. "गुंडाप्पा, कागद घे. लिही."

"मावशी, पाया पडतो. वलं हाय त्ये, तुमी मराल!"

"माझ्यावर पडला तर काय म्हणून लिहिशील? माझंबी ट्रॅक्टरचं भाडं?"

तो पुढं सरकला तसा तिनं दुसरा टेकू उडवला. वर कुठंतरी करकर झालं. गुंडाप्पा गुडघ्यावर बसला आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्याचा कागद फाडून त्यावर लिहू लागला. असं धमकावून घेतलेलं लिखाण कोर्टात टिकतं का, असं मैथिलीला विचारलं तर ती कपाळाला हात लावेल. पण पळालेली माणसं पुन्हा कुंपणाशी गोळा झाली होती, आणि धुरपदाबाईला ते त्यांच्या कानांवर घालायचं होतं.

"मोठ्यानं वाच."

गुंडाप्पानं वाचलं. त्याचा आवाज चिरकत होता. "मी टेकू लवकर काढले. भिंती कच्च्या होत्या, ते मला माहीत होतं. माझ्या चुकीनं स्लॅब पडून ईटचे दगडोबा मेले. त्याची भरपाई म्हणून मी आठ लाख देतोय. ट्रॅक्टरचं भाडं म्हणून लिहिलेलं खोटं आहे."

"पुन्ना."

त्यानं पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा तो स्वतःच रडायला लागला.

शंभूनं तो कागद घेतला आणि धावत जाऊन आईला धरलं. तिच्या हातातून घण सुटला. "ह्येंचं नाव कुठं हाय त्ये दाव," ती म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. शंभूनं तिचं नख नसलेलं बोट धरून त्या नावावर टेकवलं.

"म्याबी मान हलवली व्हती रं त्या बैठकीत," ती म्हणाली, आणि तिनं तोच हात स्वतःच्या तोंडात फाडकन मारला. मग दुसऱ्यांदा. शंभू तो हात धरायला बघत होता आणि त्याला तो धरवत नव्हता.