मनोहर आणि पोडावरची बाई

मनोहरची सून फोनवर म्हणाली, "सर, बाबा गेले." मी विचारलं, "कुठी?" मनोहर गेला म्हणजे सायकल घेऊन कुठेतरी गेला, असंच मला वाटायचं. ती रडू लागली, तेव्हा समजलं. सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसला होता, तिथेच संपला. त्याला आता दीड महिना झाला.

तो वणीजवळच्या कोळसा खाणीत फिटर होता, मी शाळामास्तर; यंदा लेकाकडे राहायला जाईपर्यंत आम्ही शेजारी. कुणाचं काही घेणं त्याला जमायचं नाही. लग्नाला गेला तरी पाण्याची बाटली घरून न्यायचा. लहानपणी गावात त्याच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतत, हे त्याने इतक्या वर्षांत मला एकदाच सांगितलं, तेही दुसरंच काही बोलता बोलता... निवृत्त झाल्यावर त्याने सायकलवर कन्याकुमारीला जायचं ठरवलं आणि मलाही ओढलं. स्टोव्ह, तांदूळ, डाळ, तंबू, सगळं सोबत घेतलं. "कोनाच्या दारात उभं राहाचं नाई, मास्तर," हा त्याचा एकच नियम. खाणीतल्या मित्रांनी हार घालून आम्हाला निरोप दिला.

नियम दुसऱ्या दिवशी मोडला. पांढरकवड्याच्या पुढे दुपारच्या उन्हात आम्ही डब्यातली खिचडी खाल्ली. आमच्याच हातची, पण आंबलेली. मला काही झालं नाही. मनोहरला जुलाब सुरू झाले. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली उघडी वावरं, आडोसा कुठेच नाही. तिसऱ्या वेळी त्याला सायकलवरून उतरायलाही वेळ मिळाला नाही. तो पळसाखाली बसला आणि मला म्हणाला, "तू जाय पुढं." साठीचा माणूस, मान वर करीना.

मोहफुलांची टोपली डोक्यावर घेऊन एक म्हातारी जात होती. कोलाम बाई होती, रस्त्यावरून दिसणाऱ्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर राहणारी. तिने एकदा मनोहरकडे पाहिलं आणि टोपली माझ्या हातात दिली. "उठ भाऊ," म्हणाली. पोडावर तिच्या घरामागे बांबूच्या तट्ट्याची न्हाणी होती. तिने पाणी तापवून दिलं, लेकाची लुंगी दिली आणि त्याची घाण झालेली पँट घेऊन नाल्याकडे निघाली. मनोहर आतून ओरडत होता, "नको माय, मी धुतो!" पण त्याला उभंही राहता येत नव्हतं. नंतर तिने आपल्या लोट्यातलं पाणी त्याच्या हातात दिलं. त्याने लोट्याकडे जरा वेळ पाहिलं... मग तोंड लावून प्यायला.

तीन दिवस आम्ही तिच्या ओसरीवर होतो. कण्यांची पेज आणि मीठ, एवढंच तिने त्याला खाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मास्तर, वापस जाऊ. घर इथून एका दिवसावर हाये." बाई मोहफुलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "धोका पोटानं देल्ला. पायानं कुठी देल्ला?" दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहरने सामान बांधलं आणि सायकल दक्षिणेकडे वळवली. निरोप घेताना तिचं नाव विचारलं. भीमाबाई.

पुढे नियमाचं नाव कुणी काढलं नाही. तेलंगणात एका शेतकऱ्याने बैलगाडीतून आमच्या सायकली पुलापर्यंत नेल्या. तमिळ मुलखात एका बाईने खुणेनेच विचारून आम्हाला जेवायला बसवलं. अठ्ठाविसाव्या दिवशी समुद्र दिसला. मनोहर बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "पानी लय हाये."

परतल्यावर दिवाळीत तो नवं लुगडं घेऊन पोडावर गेला. भीमाबाईने त्याला ओळखलं नाही. त्याने आजार सांगितला, पँट सांगितली. ती हसली. "असे लय येते रे बाबा. रस्ताच हाये." लुगडं मात्र तिने घेतलं. परत आल्यावर मनोहर माझ्याकडे आला. "मले वाटलं, मी तिच्या ध्यानात राह्यलो असीन," एवढंच मला म्हणाला. मग महिनाभराने त्याने गवंडी बोलावला आणि घराच्या कुंपणाला लागून न्हाणी-संडास बांधला, दार रस्त्याकडे. कुलूप नाही. चंद्रपूरकडे जाणारे ट्रकवाले, प्रवासातल्या बाया, कुणीही वापरावा. दहा वर्षं रोज सकाळी तो तिथली टाकी भरायचा. आत कोण गेलं, हे त्याने कधी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात मी मनोहरच्या बायकोला, वहिनींना भेटायला गेलो. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता, न्हाणीचं दार बंद, आत पाण्याचा आवाज. आम्ही ओसरीवर बसलो. थोड्या वेळाने ड्रायव्हर ओल्या केसांनी बाहेर आला आणि टॉवेल पिळू लागला. मी पहिल्यांदाच पाहत होतो त्याला, वहिनीही.

"साबन पुरली का, भाऊ?" वहिनींनी विचारलं.

"जराशीच राह्यली, माय."

वहिनी गुडघ्यांवर हात देऊन उठल्या आणि नवी वडी आणायला आत गेल्या.